कोपरापर्यंत हात

आमच्या थोरल्या साडभाऊंना यवतमाळ जिल्ह्यात आजवर कुणी फसवू शकलेलं नाही, असं पांढरकवड्यात सगळे म्हणतात, आणि ते स्वतः तर दिवसातून दोनदा म्हणतात. ते खरं नाही. मी त्यांना फसवलं आहे. ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. त्यांचं तोंड हळूहळू मिटत चाललंय, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं जबडा आवळत आणलाय, हे मला दिसलं होतं. सरकारी तंबाखूमुक्ती कार्यक्रमात समुपदेशक असल्यामुळे लोकांची तोंडं उघडून पाहणं हाच माझा धंदा, आणि तरी घरातलंच एक तोंड पाहून मी अख्खा हंगाम गप्प बसलो. वर आणखी त्यांच्याशी खोटं बोललो. आता त्याची फळं अशी की ते गावोगाव माझे गोडवे गात फिरतात आणि मला मान खाली घालून ऐकावं लागतं. पण आधी त्यांच्याविषयी सांगायला हवं. मी त्यांना दादा म्हणतो, इथेही दादाच म्हणेन.

दादा म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पांढरकवड्याला कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. शेतकरी बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कापूस भरून आणतो, ग्रेडर तो पाहतो आणि त्याची प्रत ठरवतो, भाव त्या प्रतीवर मिळतो. बाकीचे ग्रेडर वरचं एक बोंड उचलून, दोन बोटांत ताणून, नाकाशी नेऊन पुढच्या बंडीकडे वळायचे. दादा बाही खांद्यापर्यंत सारायचे, बंडीच्या मधोमध कोपरापर्यंत हात घालायचे आणि तळातला माल वर काढायचे. वर पांढरंशुभ्र चांदणं असायचं आणि दादांच्या मुठीत ओलसर, पिवळा, किडका लोंबा. मग ते शेतकऱ्याकडे रागानं नाही, मोठ्या मायेनं बघायचे. म्हणायचे, "भाऊ, वरचा माल सोयऱ्याईले दाखवासाठी हाय का? मी तं घरचा मानूस हावो." तो बिचारा हसायचा, दादाही हसायचे, आणि प्रत एका पायरीनं उतरायची. तरी लोक त्यांच्याच रांगेला उभे राहायचे, कारण खालचा माल चांगला निघाला तर वरचा मळका असूनही दादा प्रत चढवायचे. तसं करणारा दुसरा कुणी नव्हता.

ही सवय केंद्राच्या फाटकाशी सोडून घरी यावं, असं त्यांना कधी वाटलं नाही. किराण्याच्या दुकानात गव्हाच्या पोत्यात त्यांचा हात कोपरापर्यंत गेलाच. लग्नात पेढ्यांचं ताट समोर आलं की वरचा थर उचलून ते खालचा घ्यायचे, आणि सत्यनारायणाच्या प्रसादालाही त्यातून सूट नव्हती. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा बैठकीत पाच मिनिटंही बसले नाहीत, मागच्या दारी जाऊन घासून पालथी घातलेली भांडी बघून आले आणि बाहेर येऊन म्हणाले, "करून टाका." मी सासऱ्यांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा या गृहस्थांनी माझ्याकडे रुमाल मागितला. मला वाटलं, घाम पुसायचा असेल. त्यांनी घडी उलगडून आतली बाजू पाहिली, परत घडी घातली आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "वरून इस्त्री, आतून मळका. मध्यम." त्या घरात मी 'मध्यम' म्हणून शिरलो आणि पुढची कितीतरी वर्षं मध्यमच राहिलो.

त्यांच्याकडे सगळ्या जगासाठी तीनच प्रती होत्या. सुपर, मध्यम आणि फरदड. फरदड म्हणजे पीक संपल्यावर, झाडात जीव उरलेला नसताना पाणी देऊन देऊन काढलेला शेवटचा कापूस. दादा कीर्तनाला प्रत द्यायचे, चहाला द्यायचे, पुढाऱ्याच्या भाषणाला द्यायचे (ते बहुतेक वेळा फरदड निघायचं), पावसालाही द्यायचे. सुपर मात्र कशालाच नाही. फक्त ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वांग्याच्या भाजीला एकदा सुपर मिळाल्याचं सांगतात. ताई म्हणतात, तेसुद्धा त्या माहेरी निघाल्या होत्या म्हणून.

मग बोंडअळीची वर्षं आली. वरून हिरवंगार बोंड आणि फोडलं की आत गुलाबी अळी वळवळतेय. त्या वर्षांत दादांच्या हाताला बंडीत वर काय आणि खाली काय, सगळीकडे सारखंच लागायचं. केंद्र कधी उघडायचं, कधी चार दिवस बंद. यार्डापासून थेट नागपूर-हैदराबाद रस्त्यापर्यंत बंड्या आणि ट्रॅक्टर उभे. रांगेत उभ्या माणसानं करायचं काय? समोर पानठेला. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर टाकून तळहातानं घोटघोट घोटायचं, ऊन ऊन झालं की पुडी बांधायची, हा खर्रा. कापसाचा भाव जसजसा पडत गेला तसतशी त्या ठेल्यावरची गर्दी वाढत गेली. दादा रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोकांना धीर देत हिंडायचे, आणि धीर देताना हातावर खर्रा यायचाच. त्यांनी खर्ऱ्यालाही प्रती लावल्या होत्या. ठेलेवाल्याला सांगायचे, "तू हात कमी फिरवून राह्यला बे. सुपारी अजून दातखाली लागते. फरदड." आणि खायचे.

नेमक्या याच काळात माझी तंबाखूमुक्तीची नोकरी जोरात होती. पोस्टर लावायची, शाळेत शपथा घ्यायच्या, गावात सभा घ्यायची, खाणाऱ्यांची नावं लिहायची आणि तीन महिन्यांनी परत जाऊन विचारायचं, "सोडला का?" समोरचा म्हणायचा, "सोडला." आम्ही त्याला सोडलेल्यांत धरायचो. आकडे दर महिन्याला चढत होते. मला मनातून ठाऊक नव्हतं असं नाही. पण चढता आकडा खाली ओढावा असं कुणाला वाटतं?

त्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या वावरात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. सगळे सोयरे पंगतीत बसलेले. दादांनी पंगतीतच माझ्या कार्यक्रमात हात घातला.

"किती लोकाईनं सोडला म्हंता, साडभाऊ?"

मी छाती काढून सांगितलं, "पुष्कळ. आमचं केंद्र पुढे आहे."

"सोडला हे कोनी सांगतलं तुमाले?"

"त्यांनीच."

एवढा हशा पिकला की वाढणारी मुलगी वरणाचं भांडं घेऊन जागीच थांबली. दादा म्हणाले, "अजी, बंडीवाल्यालेच प्रत इचारली तं थो सुपरच सांगन ना! फरदड हाय तुमचा कार्यक्रम." माझे कान तापले. मी ताटाकडे बघत बसलो, आणि मान वर केली तेव्हा मला ते दिसलं. दादांनी ठेचा बाजूला सारला होता. ज्या माणसानं आयुष्यभर ठेच्याशिवाय घास घेतला नाही, तो म्हणत होता, "आता मिरचीत दम नाई राह्यला." आणि रोडग्याचा अर्धा तुकडा एका घासात घालणारे दादा रोडगा वरणात कुस्करून, बारीक बारीक करून, ओठांच्या फटीतून आत सारत होते. तिखट सोसत नाही आणि तोंड उघडत नाही. ही दोन लक्षणं मी रोज पोस्टरवर बोट ठेवून लोकांना दाखवत होतो.

सांगायला तोंड उघडलंही होतं. पण त्याच क्षणी मनात आलं, बघा म्हणावं, साऱ्या जिल्ह्याचा तळ पाहणाऱ्याला स्वतःचा दिसत नाही. हा विचार एका घासाएवढा टिकला असेल. पण तेवढ्यात पंगत उठली. दुसऱ्या दिवशी वाटलं, ते वडीलधारे, त्यांना तोंड उघडा कसं म्हणायचं? नंतर वाटलं, योग्य वेळ पाहून सांगू. मग कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, नवी पेरणी झाली, आणि माझी योग्य वेळ आली नाही. आता कळतं की तो आदर नव्हताच. पंगतीतला राग होता, त्यावर मी आदराचं पांघरूण घालून ठेवलं होतं.

पुढच्या हंगामात आमच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन करायला वरून एक साहेब येणार होते. मी हायवे सोडून आत असलेल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर, तंबाखू सोडलेल्यांचा सत्कार ठेवला. पहिल्या रांगेत धुतलेल्या कपड्यांतले सत्कारमूर्ती, प्रत्येकाच्या मांडीवर शाल आणि नारळ. दादांना मी बोलावलं नव्हतं. ते आपणहून आले आणि खांद्यावरचे कापसाचे तंतू झटकत रांगेच्या शेवटच्या खुर्चीवर बसले.

साहेबांचं भाषण सुरू झालं. दादा शेजारच्याकडे किंचित झुकले, डावा तळहात पुढे केला आणि हळूच म्हणाले, "भाऊ, जरासक सोड न."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात तंबाखू कुणीही कुणालाही मागू शकतो. घरचं पाणी मागायला माणूस एकदा विचार करील, तंबाखू मागायला करत नाही. शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात गेलेले दोघं शेतकरी कोर्टाच्या पायरीवर एकमेकांना तंबाखू मागतात आणि देतात. मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. हात पुढे आला की दुसऱ्याचा हात डोक्याला न विचारताच खिशात जातो.

शेजाऱ्याचा गेला. शाल बाजूला सारून त्यानं शर्टाच्या खिशातून पन्नी काढली. दादांनी ती मोठ्या अदबीनं परत दिली, "राहू दे, ठेव," आणि पुढच्याकडे वळले. त्यानं कडोसरीतून पुडी काढली. त्याच्या पुढची म्हातारी आजी, तिनं बटव्यातून नसेची, म्हणजे तपकिरीची, डबी काढली. आत्ताच माइकवर "मी मुक्त झालो" असं सांगून आलेल्या गृहस्थानं गळ्यातला हार वर उचलून आतल्या खिशात हात घातला. दादा खुर्चीमागून खुर्ची पुढे सरकत होते, सगळ्या रांगेचा तळ वर येत होता, आणि मी माइकच्या शेजारी उभा राहून घामानं भिजत होतो. शेवटी त्यांचा पसरलेला तळहात माइकवर बोलणाऱ्या साहेबांना दिसला. भाषण करता करता साहेबांचाही हात पँटच्या खिशाकडे गेला. अर्ध्या वाटेत त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं. त्यांनी रुमाल काढला आणि कोरडं कपाळ पुसलं.

रांगेत एकच माणूस खरा निघाला. तांड्यावरचा, लाजाळू, बायकोची शपथ घेऊन सोडलेला. दादांनी हात पुढे केला तसा त्यानं एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, आणि चोरी सापडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "थांबा दादा, आलोच," म्हणून तो उठला, भर सभेतून चालत समोरच्या पानठेल्यावर गेला, ताजा घोटलेला खर्रा घेऊन आला आणि दादांच्या हातावर ठेवला. आणि देणाऱ्यानं सोबत करायची असते म्हणून त्यातलाच चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकला. आमच्या सगळ्या कार्यक्रमातला एकुलता एक खरा मुक्त माणूस माझ्या डोळ्यांदेखत परत लागला.

दादा हातातल्या खर्ऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी तो खाल्ला नाही.

सभा संपली, साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. उन्हं कलली होती. मी ग्रामपंचायतीच्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो. दादा शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता प्रत ऐकावी लागणार. पण त्यांचा आवाज पडलेला होता.

"साडभाऊ, सारा माल खोटा नोता. एक दाना खरा होता, अन् थो म्याच खराब केला. चुकलं माह्यं."

"तुमचं काय चुकलं? तो एवढ्यात घसरला, म्हणजे कच्चाच होता."

"कच्चा नाई बावा. त्याले सोडाची तकलीफ नोती. मानूस हात पसरते अन् आपल्या खिशात काईच नाई, याची शरम होती त्याले. तुमी त्याचा खिसा खाली करून टाकला. पन त्यात ठेवाले काई देल्लं नाई."

मी अख्खा हंगाम जे करू शकलो नव्हतो ते या माणसानं एका श्वासात केलं होतं, चुकलं म्हणून टाकलं होतं. मला एकदम राहवलं नाही.

"दादा, तोंड उघडा."

"काहून?"

"ही तीन बोटं उभी धरा आणि दातांमध्ये घाला."

ते हसले. "हे लेकराईचे खेळ कायले लावून राह्यले मले?" पण घालायला लागले. एक बोट गेलं. दुसरं नखापर्यंत जाऊन अडलं. त्यांनी परत जोर केला. "बोटं जाड हाय माह्ये. कापसाचे बोटं हाय." मी माझी तीन बोटं माझ्या तोंडात उभी घालून दाखवली. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. तालुक्यातल्या हरेक बंडीत कोपरापर्यंत जाणारा तो हात, स्वतःच्या तोंडात दोन बोटंही शिरत नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमाले कधी कळलं हे?"

"आत्ताच."

"पक्कं?"

"पक्कं, दादा. आजच दिसलं."

आणि त्यांनी विश्वास ठेवला. जन्मात पहिल्यांदा वरचा थर पाहून, आत हात न घालता, त्यांनी माल खरा मानला.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कर्करोग नाही, नशीब समजा. पण आवळलेलं पूर्ण सुटायचं नाही. व्यायाम करा, खर्रा आजपासून बंद. आणि मग सहज म्हणाले, "एखादा हंगाम आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं." दादांनी लगेच माझ्या पाठीवर थाप मारली. "आमच्या साडभाऊनं तं ज्या दिवशी पाह्यलं त्याच दिवशी सांगतलं जी!" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दादांनी खर्रा सोडला तो असा की सगळी गल्ली कामाला लागली. व्यायाम म्हणजे कुल्फीच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि रोज एक वाढवायची. काड्या जमाव्यात म्हणून दादा गल्लीतल्या पोरांना रोज कुल्फी खाऊ घालायचे, आणि तोंडात काड्यांची चळत धरूनच पोरांशी, ताईंशी, वाटेनं जाणाऱ्यांशी गप्पा मारायचे. कुणाला एक अक्षर कळायचं नाही, पण प्रत कळायची. बोट वर म्हणजे मध्यम, खाली म्हणजे फरदड. डॉक्टरांना मध्यम मिळालं.

आणि आमचा कार्यक्रम त्यांनी जणू चालवायलाच घेतला. ताईंनी जवस भाजली, त्यात ओवा, बडीशेप आणि थोडं सैंधव घातलं. प्रत्येक सोडणाऱ्याला आम्ही पत्रकाऐवजी त्याची एक छोटी डबी द्यायला लागलो. कुणी हात पसरला की डबी काढायची आणि त्याच्या हातावर जवस ठेवायची. देणंही झालं, सोबतही झाली. पहिली डबी घेऊन दादा स्वतः तांड्यावर गेले, त्या लाजाळू माणसाच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "माह्यामुळं तुह्यी शपथ मोडली. आता मले हे दे अन् तूबी घे." तो परत सुटला. मोजणीही बदलली. तीन महिन्यांनी आता कुणी "सोडला का?" विचारत नाही. गप्पा मारता मारता हात पुढे करायचा आणि समोरच्याच्या खिशातून काय निघतं ते पाहायचं. आकडे पहिल्यापेक्षा बरेच खाली आले. मी अहवालात त्याला भारदस्त नाव दिलं. दादा त्याला हात घालून पाहणं म्हणतात. साहेब परत आले तेव्हा दादांनी त्यांच्यासमोर तळहात धरला. साहेबांनी लाजत आमचीच डबी काढली. दादा म्हणाले, "तुमचा कार्यक्रम आता मध्यम हाय." मला वाटतं, साहेबांना तेवढा आनंद बढतीनंही झाला नसता.

दादांचं तोंड दोन बोटांपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. काड्या संपल्या नाहीत, पोरं कुल्फीला कंटाळली नाहीत, पण तिसरं बोट काही जाईना. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच.

या हिवाळ्यात परत वावरात रोडगे झाले. ताईंनी न सांगता दादांचा रोडगा वरणात कुस्करला, बारीक केला आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. ठेचा पंगतीतून पुढे निघून गेला. दादांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, जुना दोस्त बसमधून दिसावा तसं. मग नव्या सोयऱ्यांना त्यांनी परत तीच गोष्ट सांगितली, "दिसलं त्याच दिवशी, पायरीवर बसून सांगतलं यानं. आपला साडभाऊ सुपर हाय." माणसाला त्यांनी दिलेला हा एकमेव सुपर. पंगत माझ्याकडे कौतुकानं बघत होती आणि मी मान खाली घालून ताटातला रोडगा कुस्करत होतो.

दादा, हे ताई तुम्हाला वाचून दाखवतील. वरून नाही, तळातून वाचायला सांगा. त्या पहिल्या रोडग्यांच्या पंगतीत मला दिसलं होतं. प्रत तुम्ही ठरवा. तुमच्या तोंडातली एका बोटाची जागा मी तुम्हाला देणं लागतो.